गड्याची खोली कोण तपासतं?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालं, की शेंद्र्याचे कारखाने मागे पडतात आणि करमाड येतं. रस्त्यावर कंपन्यांच्या बस, आत शिवारात कपाशी, मका, तूर, डाळिंब. आणि पारावर, चहाच्या टपरीवर, बाजारात एकच वाक्य: ‘शेतीला माणूस मिळत नाही.’

मिळत नाही, की आला तरी टिकत नाही?

शेंद्र्यात पोरगं कंत्राटी लागतं. पगार फार नसतो, नोकरी पक्की नसते. पण शिफ्ट किती वाजता सुटणार, हे त्याला माहीत असतं. शेतवस्तीवरच्या सालगड्याला ते कधीच माहीत नसतं. पहाटे धारा, दिवसभर रान, आणि लाईट रात्रीची असली तर रात्री मोटार सुरू करून पाण्याची दारं मोडायची. मालक घरी झोपलेला असतो असं नाही, तोही बांधावर असतो. पण शेत त्याचं असतं.

मग पोरगं बसमध्ये चढलं तर दोष कुणाचा?

आता सेंद्रिय शेतीचं बघा. तणनाशक बंद केलं की खुरपं हातात आलं. युरियाची गोणी बंद केली की शेणखताच्या पाट्या डोक्यावर आल्या. एकराला जीवामृत करायचं तर २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. हे प्रमाण शिबिराला गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते मिश्रण रोज ढवळायचं आणि मग बादल्यांनी रानभर पोचवायचं कुणी, यावर शिबिरात कुणी बोलतं का?

त्यात शेत छोटं आणि पिकं अनेक. नुसती कपाशी असती तर वेचणीला टोळी आली, वेचून गेली. इथे मेथी, वांगी, तूर, दोन गाई, चार शेळ्या, कडेला लिंबू, सीताफळ. रोज काहीतरी तोडायचं, बांधायचं, राखायचं. असं शेत रोजंदारीवर चालत नाही. तिथे राहणारा माणूस लागतो. हंगामापुरता तरी लागतोच.

म्हणजे या शेतीचा कणा कोण? रानात मुक्कामाला असलेला गडी.

आणि कागदोपत्री तो कुठे आहे? कुठेच नाही. सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालू आहे. हंगामी पिकाला पेरणीआधी किमान २ वर्षं आणि फळबागेला पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी किमान ३ वर्षं संक्रमणाची घालवावी लागतात, तेव्हा शिक्का मिळतो. बियाणं कुठून आणलं, खत काय घातलं, शेजाऱ्याची फवारणी उडून येते का, याची कसून विचारपूस होते. व्हायलाच हवी. पण निरीक्षक गोठ्यापर्यंत येतो आणि गाईला काय खायला घालता ते विचारतो. गोठ्याला लागून पत्र्याची खोली असते. तिथे कोण राहतं, पाणी कुठून भरतं, संडासाला कुठे जातं?

गाईच्या चाऱ्याची नोंद आहे. माणसाच्या खोलीची नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. जगभरातल्या सेंद्रिय चळवळींच्या महासंघाने, आयफोमने, २००५ मध्ये या शेतीची चार तत्त्वं ठरवली: आरोग्य, परिसंस्था, न्याय आणि काळजी. न्यायाच्या कलमात शेतकऱ्याबरोबर मजुराचाही उल्लेख आहे. आपण चारांतलं तिसरं वगळून पुढे निघालो.

दुसरी गोष्ट गंमत नाही, दुखणं आहे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड या बाईंनी शहरी माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबायला नेलं. त्यातून ‘वूफ’ नावाची जगभर पसरलेली पद्धत उभी राहिली. भारतातही ती आहे. पाहुण्याने दिवसाला साधारण ४ ते ६ तास काम करायचं, यजमानाने राहायला-जेवायला द्यायचं. नांदणं जमलं नाही तर बॅग उचलून निघायचं. चांगली पद्धत आहे, शहरातल्या पोराला मातीची ओळख होते.

पण एकाच शिवारात, एकाच वाफ्यात, दोघांच्या हातात खुरपं. शिकायला आलेल्याचे तास ठरलेले. पोटासाठी आलेल्याचे नाहीत.

हे कुणाला खटकत नाही?

आता उचल. पाडव्याला बोली ठरते, साल धरलं जातं, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला उचल दिली जाते. वेळेला पैसा उभा करणारा मालक हा अनेक गड्यांना खरोखरचा आधार असतो, हे नाकारू नये. पण आजारपणात खाडे पडतात, खाड्यांचे पैसे कापले जातात किंवा दिवस भरून द्यावे लागतात, आणि साल संपलं तरी उचल फिटत नाही. मग पुढचं साल त्याच दारात. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, असं म्हणणं वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा पन्नाशीला आला. वस्तीवर कधी येणार?

समान कामाला समान मजुरीचा कायदाही १९७६ मध्येच आला. त्याची तर चर्चाच नको असते. साल ठरतं गड्याचं. शेण काढते, झाडलोट करते, खुरपायला बसते, ती त्याची बायको. तिची बोली कोणी लावली? ‘ती असतेच की वस्तीवर,’ हे उत्तर. असते म्हणून फुकट?

मुक्कामाच्या कामात आणखी एक धोका आहे, तो करमाडला कुणी शिकवायला नको. काम सुटलं की छप्परही सुटतं. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशातली माणसं ती. टाळेबंदीत काम थांबलं, आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेने पायी निघाली होती. शेतावरचे मजूर नव्हते ते. पण पत्र्याच्या खोलीतल्या कुटुंबाचीही गत तीच: मालकाने ‘उद्यापासून नको’ म्हटलं, की संध्याकाळी भांडी कुठे ठेवायची?

आता छोट्या शेतकऱ्याची बाजू. ती खरी आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टर निघालं. एवढ्या रानात तो स्वतः राबतो, त्याची बायको राबते, आणि त्या दोघांची मजुरी तर कुणीच धरत नाही. तो कंपनीइतका पगार कुठून देणार? शहरातलं गिऱ्हाईक विषमुक्त भाजी मागतं आणि जुडीमागे पाच रुपये घासाघीस करतं. त्या पाच रुपयांतच गड्याची सुट्टी होती.

पण सगळं पैशावर अडतं का? आठवड्याची एक सुट्टी ठरवायला किती खर्च येतो? रात्रीचं पाणी दिलं तर सकाळी उशिरा ये, हे सांगायला? खोलीला आतून कडी बसवायला? सरकारी योजनेतून एक संडास बांधून घ्यायला? चार शेतकऱ्यांनी मिळून दोन माणसं ठेवली आणि दोघांना आळीपाळीने गावी जाऊ दिलं, तर कुणाचं बिघडतं?

आणि तपासणी करायला नवं खातंही नको. सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस, आपल्याकडे आहेच. किमान ५ शेतकऱ्यांचा गट, आणि गटातल्यांनी एकमेकांची शेतं फिरून बघायची, एकमेकांची हमी घ्यायची. गटातले लोक बांधावर उभे राहून शेजाऱ्याला खताचा हिशोब विचारतात. त्याच फेरीत चार पावलं पुढे जा. खोलीचं दार वाजवा. गड्याला विचारा, आणि विचारताना मालकाला थोडं लांब उभं करा.

पुढच्या पाडव्याला पुन्हा सालं ठरतील. तेव्हा तोंडी बोली नको. एक कागद, मराठीत. काम कोणतं, तास किती, सुट्टी कधी, आजारपणाचे दिवस किती, पैसे कोणत्या तारखेला, उचल किती आणि फिटली किती. एक प्रत मालकाकडे, एक गड्याकडे. वाचता येत नसेल तर गटातल्या तिसऱ्या माणसाने दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा.

आणि त्याच कागदावर, दुसऱ्या ओळीत, बायकोचं नाव. पुढे तिची वेगळी रक्कम.