अतितातडीच्या लिंकबाईंस

लिंकबाई,

काल दुपारी अडीच वाजता तुम्ही, म्हणजे माहिती भरायची लिंक, आमच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकटलात. सोबत नेहमीचा आशीर्वाद होताच : 'अतितातडीचे. चारपर्यंत शंभर टक्के. प्रलंबित शाळांची नावे वरिष्ठांना कळवली जातील.' आमच्या मेळघाटातल्या शाळेत रेंज धड येत नाही, हे तुमच्या गावी असायचं कारण नाही. रेंज नसलेल्या जगात तुम्ही कधी पाऊलच टाकलेलं नाही. म्हणून तिसरीला शुद्धलेखन देऊन मी मोबाइलसह टेकडीवर गेलो. तुमचा पहिलाच प्रश्न : 'या आठवड्यात किती विद्यार्थ्यांचे वाचन सुधारले?' तुम्ही आला नसतात तर एकाचं तरी नक्की सुधारलं असतं.

माझ्या तिसरीत एक मुलगी आहे. निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टानुसार तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचायचे असतात. ही पोरगी साठ सहज ओलांडते. पूर्णविराम दिसला तरी थांबत नाही. वाचून झाल्यावर विचारलं, "गोष्टीत कोण हरवलं गं?" तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागते. घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, संथालीची बहीण. मराठीच्या भावकीत ती कुठेच बसत नाही. 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. तुमच्या 'घरची भाषा' या रकान्यात मात्र मराठी, हिंदी, उर्दू आणि 'इतर'. एवढी माणसं एका 'इतर'मध्ये कोंबण्याचं कसब तुमच्याकडून शिकावं! पुढे 'प्रवाही वाचन : होय/नाही'. उद्दिष्टातलं 'अर्थासह' तुमच्यापर्यंत येता येता कुठे गळालं कोण जाणे. मी 'होय' टिचकलं. पोरगी तुमच्या तक्त्यात हिरवी झाली.

नंतर खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी हात पुसत तीच गोष्ट कोरकूत सांगितली. पोरगी जिथे हसायला हवं तिथे हसली आणि अर्धं कोरकू, अर्धं मराठी असं उत्तर दिलं. ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं, आणि तिने स्वतःचंच वाक्य बोट ठेवून, थांबत थांबत वाचलं. मिनिटाला दहा शब्दांचा वेग असेल. जिओटॅग फोटो काढायचा राहिला, त्यामुळे असं काही घडलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. तुम्ही पक्क्या, स्वतःला शैक्षणिक म्हणवून घेता. त्याच कायद्यातलं कलम 29 शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा म्हणतं. ते कलम बहुधा तुमच्याइतकं तातडीचं नसावं, ग्रुपवर कधी आलं नाही.

गैरसमज नको, चाचणीशी माझं वैर नाही. कोणाला काय येत नाही हे कळायलाच हवं. पण मी पेपर तपासतो, गुण भरतो, ते तुमच्या पोटात जातात, आणि शिक्षण परिषदेत पडद्यावर आमचं केंद्र कितवं ते दिसतं. या मुलीचं सोमवारी काय करायचं, हे त्या पडद्यावर मला अजून दिसलेलं नाही.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्याऐवजी कोरकू जाणणारी एखादी साधनव्यक्ती पाठवा, आठवडाभरासाठी. तिने वर्गात मागे बसावं, माझं कुठे अडतंय ते सांगावं, मावशींसोबत चार गोष्टी लिहून काढाव्यात. राहायची, जेवायची सोय गाव करेल. ओटीपी लागणार नाही.

आपला प्रलंबित,
एक शिक्षक

ता. क. : कालची माहिती चारला पाच कमी असताना भरली. आज सकाळी ग्रुपवर आलंय : 'नमुना बदलला आहे. सर्वांनी पुन्हा भरावे.'