गच्चीवरचा इरॅटोस्थेनिस

नवी माहिती माझ्या पोटात राहत नाही. ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट नावाचा प्राणी फाशांसारख्या चौकोनी लेंड्या टाकतो, आणि त्या तशा का होतात हे शोधणाऱ्यांना २०१९ साली इग नोबेल पारितोषिक मिळालं, हे मला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी मेहुणे आमच्याकडे जेवायला होते. पानात श्रीखंड होतं. पुढचं सांगत नाही.

आमचा एक कंपू आहे. सगळे निवृत्त, सगळ्यांचे गुडघे दुखतात आणि सगळ्यांना विज्ञानाचं वेड उतारवयात लागलेलं. मी बँकेतला, एक पोस्टातला, एक पाटबंधारे खात्यातला. शाळेत शास्त्राच्या तासाला बाकाखाली लपणारी ही मंडळी आता पहाटे उठून एकमेकांच्या फोनवर 'आजचं नवल' पाठवत असतात. कंपूच्या आत हे छान चालतं, कारण ऐकणाऱ्यालाही स्वतःचं सांगायची घाई झालेली असते. माहिती कंपूबाहेर पडली की पंचाईत होते.

संकष्टीच्या दिवशी मी शेजारच्या काकूंना सांगितलं, की केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी कणभर हिस्सा किरणोत्सारी असतो. त्यात भिण्यासारखं काही नाही, तेच पोटॅशियम आपल्या अंगातही असतं, म्हणजे शेजारी झोपलेला माणूससुद्धा जरासा किरणोत्सारीच, हे वाक्य पुरं होईपर्यंत काकूंनी हातातलं केळं ताटात परत ठेवलं होतं. "तरीच मला झोप लागत नाही," आतून आमची ही म्हणाली.

विजयदुर्गचं प्रकरण याहून वाईट. सहलीतल्या एका गृहस्थांनी किल्ल्यावर उभं राहून सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, की हेलियमचा शोध इथेच लागला, १८६८च्या ग्रहणात, लॉकियरसाहेबांनी लावला. बायकामुलं माना डोलावत होती, वारा सुटला होता, खाली समुद्र होता. अशा वेळी शहाणा माणूस फोटो काढतो. मी घसा खाकरला. म्हटलं, १८ ऑगस्ट १८६८च्या त्या ग्रहणाला लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, तोही गुंटूरला. लॉकियरनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याच ऑक्टोबरात इंग्लंडात बसून पाहिली. विजयदुर्गला ते आले हे खरं, पण १८९८च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, आणि तोवर रॅमसेनं हेलियम पृथ्वीवरसुद्धा शोधून काढला होता. कुणी काही बोललं नाही. परतीच्या प्रवासात मला ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. ड्रायव्हरला हेलियमबद्दल काहीच मत नव्हतं, त्यामुळे तो प्रवास छान झाला.

तरी शून्य सावलीचा दिवस मी सोसायटीत जाहीर केला. मुळात ही गोष्टच इतकी देखणी, की ती एकट्यानं बघणं मला पाप वाटतं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे. त्यामुळे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, एकदा जाताना आणि एकदा परतताना. पुण्याला तो मेच्या मध्यावर, तेरा-चौदा तारखेला येतो. परतीचा मुहूर्त जुलैच्या अखेरीस असतो, पण तेव्हा ढगांमुळे सूर्यच दिसत नाही, सावली कुठली दिसायला? कोल्हापूरला हा दिवस आधी येतो, मुंबईला पुण्यानंतर एक-दोन दिवसांनी, नागपूरला मे संपता संपता. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं वरून जातं. त्याच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, म्हणजे दिल्लीला हे सुख नाही. दिल्लीत माणूस कितीही मोठा झाला तरी सावली त्याची पाठ सोडत नाही. हे वाक्य मी सूचनाफलकावर लिहिलं होतं. सचिवांनी ते राजकीय ठरवून खोडलं.

गच्चीची किल्ली मिळाली, गच्ची काही मिळाली नाही. मे महिना. इकडून तिकडे प्लॅस्टिकच्या कागदांवर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या आणि सांडगे पसरलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू छत्री घेऊन कावळ्यांवर पहारा देत होत्या. विज्ञानासाठी चौरस मीटरभर जागा द्या, अशी मी विनंती केली. त्यांनी पापड्यांचा एक कागद दोन बोटं सरकवला.

"सूर्य अगदी डोक्यावर येणार म्हणता, मग आज वाळवण लवकर वाळेल का हो?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं दोन मिनिटं समजावून सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की संबंध आहे. किरण तिरपे आले तर तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं, सरळ आले तर थोड्या जागेत एकवटतं, आणि आडव्या पसरलेल्या कुरडईला तेच हवं असतं. काकूंनी भूमितीचं पुस्तक न उघडता ते सांगितलं होतं. मी विषय बदलला.

फलकावर 'भर दुपारी' असं लिहिल्यामुळे मंडळी बाराला जमली. बाराला सावल्या होत्या. सव्वाबाराला होत्या. आता समजावणं भाग होतं. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली असतात, तो रेखांश जातो मिर्झापूरजवळून. पुणे त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास, सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणून पुण्याचा खरा मध्यान्ह या दिवसांत बारा एकतीसला. मी हे तपशिलात सांगितलं. तपशिलात सांगायला चपला घालून उभं राहावं लागतं, आणि चपला काकूंनी वाळवणापायी जिन्यातच काढायला लावल्या होत्या. मिर्झापूर येईपर्यंत निम्मे श्रोते एका पायावर उभे होते. चार मिनिटं प्रति अंशाला पोचलो तेव्हा ते जिन्यात होते.

उरलेल्यांनी बारा एकतीसला जे पाहिलं ते मात्र खरोखर पाहण्यासारखं होतं. उभा ठेवलेला स्टीलचा पेला, प्लंबिंगच्या पाइपाचा तुकडा, उदबत्तीचं नळकांडं, सगळ्यांच्या सावल्या आखडत आखडत बुडाखाली शिरल्या. पोरं ओरडली. पेला फोटोत मागून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. काकूही छत्री मिटून पुढे आल्या, स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझी आहे की सावली!" आता पेला वर-खाली सारखा असतो, तसा माणूस नसतो. माझी स्वतःची सावली पायांवर पडली होती, आणि ती पोटाची होती. शून्य सावली बघायला आलेल्या मुलांनी ती बोटानं मोजली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला पृथ्वी मोजायची होती.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता इरॅटोस्थेनिस. सगळ्याच विषयांत दुसरा नंबर, म्हणून लोक त्याला 'बीटा' म्हणत, असं सांगतात. बँकेत छत्तीस वर्षं दुय्यम राहिल्यामुळे हा माणूस मला घरचा वाटतो. सायीन गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, ठरावीक दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते, एवढ्यावरून त्यानं पृथ्वीचा घेर काढला. सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा निघाला. दोन गावांतलं अंतर त्या काळच्या मापात पाच हजार स्टेडिया, म्हणून घेर अडीच लाख स्टेडिया. उपकरण काय, तर काठी.

माझं अलेक्झांड्रिया होतं नाशिक. पुणे आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, एकाच्या थेट उत्तरेला दुसरं. याहून सोयीचं काय हवं? नाशिकला माझी मावसबहीण असते. तिच्या यजमानांच्या कापडदुकानातला लोखंडी मीटर तिनं अंगणातल्या कुंडीत खोचला आणि बरोबर वेळेला फोन केला.

"दादा, तीन पॉइंट तीन सेंटिमीटर. पण कडेला सावली पुसट आहे रे, नेमकी कुठून धरू?"

"पुसट असणारच," मी ज्ञानी आवाजात म्हटलं. "सूर्य म्हणजे काही ठिपका नाही, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाची दिसते. धर मधून."

मीटरला तीन पॉइंट तीन सेंटिमीटर, म्हणजे कोन १.८९ अंश. पुणे ते नाशिक अंतर २१० किलोमीटर. हे मला तोंडपाठ, कारण बहिणीकडे मी कित्येकदा एस.टी.नं गेलोय. दोनशे दहा गुणिले तीनशे साठ भागिले एक पॉइंट आठ नऊ. उत्तर आलं चाळीस हजार किलोमीटर.

पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. गच्चीवर टाळ्या पडल्या. काकूंनी अर्धवट वाळलेली एक कुरडई मोडून दिली, आणि ओलसर कुरडई सहसा कुणी देत नाही. संध्याकाळी कंपूच्या फोनवर माझं नाव इरॅटोस्थेनिसच्या पुढे एका हायफननं जोडलं गेलं. पाटबंधारेवाले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, एवढं यश मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरची नववीतली मुलगी वही घेऊन आली.

"आजोबा, पुण्याचा अक्षांश साडेअठरा आणि नाशिकचा वीस. मग सावलीचा कोन दीडच्या आत यायला हवा ना? तुमचा जवळजवळ एक पॉइंट नऊ कसा आला?"

सावली पुसट होती, असं मी म्हटलं.

"आणि अंतर सरळ रेषेत १६४ किलोमीटर आहे. तुम्ही २१० धरलंत."

ते रस्त्याचं होतं. राजगुरुनगर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. सूर्यकिरण आळेफाट्याला चहा प्यायला उतरत नाही, हे मला सुचलं नव्हतं. तिनं वहीत सगळं मांडूनच आणलं होतं. अंतर तेवढं दुरुस्त केलं तर माझी पृथ्वी ३१ हजार किलोमीटरवर आक्रसत होती. कोन तेवढा दुरुस्त केला तर ५१ हजारांवर फुगत होती. खरी सावली दोन पॉइंट सहा सेंटिमीटर यायला हवी होती. "कुंडीतला मीटर वरच्या टोकाला फक्त सात मिलिमीटर उत्तरेला झुकला असणार. माती मऊ असेल. ओळंबा लावला होता का?" मी नाशिकला फोन लावला. बहीण म्हणाली, सकाळीच पाणी घातलं होतं कुंडीला.

मी इरॅटोस्थेनिसच्या आड लपलो. म्हटलं, त्याचंही हेच. आस्वान बरोबर कर्कवृत्तावर नव्हतं, आणि अलेक्झांड्रियाच्या थेट दक्षिणेलाही नाही, तीन अंश पूर्वेला आहे. मुलीनं हे मन लावून ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. लिहून घेते आहे म्हटल्यावर मी खूश झालो आणि लॉकियरचंही सांगितलं.

ते सगळं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लागलं. तक्त्याचं नाव, 'एकमेकींना खोडणाऱ्या चुका'. मधोमध माझा गच्चीवरचा फोटो, डाव्या बाजूला एस.टी.चा मार्ग, उजव्या बाजूला कुंडी. पहिलं बक्षीस मिळालं आणि तक्त्यातला विषय म्हणून मलाही व्यासपीठावर बसवलं गेलं, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी. ते होते वॉर्डातले एक माजी नगरसेवक. भाषणं लांबली होती. शांत बसायचं असं मी घरून ठरवून निघालो होतो, हिनं बजावलंही होतं. पण सकाळीच ऑक्टोपसविषयी वाचलं होतं.

"साहेब," मी त्यांच्या कानाशी झुकलो, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांना रक्त पुरवतात, तिसरं बाकीच्या शरीराला. आणि गंमत म्हणजे तो पोहायला लागला की ते तिसरं बंद पडतं. म्हणून तो शक्यतो सरपटतो."

साहेबांनी हातातला पुष्पगुच्छ हळूच टेबलावर ठेवला. चेहरा उतरला होता.

"असं होय?" ते म्हणाले. "मग डॉक्टरनं मला पोहायला का सांगितलंय?"