प्लॉट न घेणारे काका

रविवारी सकाळी हडपसरला गाडीतळाजवळ जी एसी बस उभी असते ती देवदर्शनाची नसते, प्लॉटदर्शनाची असते. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, जिथे म्हणून माळावर चुन्याच्या रेघा पडल्या असतील, तिथे गिऱ्हाइकाला फुकट न्यायचं, गुलाबजामसकट जेवण घालायचं आणि टोकन घेऊन परत आणायचं. या बसच्या पहिल्या सीटवर गळ्यात दुर्बीण अडकवून बसलेले गृहस्थ म्हणजे आमच्या सोसायटीतले भोवत्याकाका. स्कूटरवरून दिवेघाट चढायला आधी गुडघ्यांनी आणि मग काकूंनी मनाई केली, तेव्हापासून काका बिल्डरच्या खर्चाने पक्षी बघतात. आजवर त्यांनी एक गुंठाही घेतलेला नाही.

पक्षी बघणाऱ्यांतही दोन तऱ्हा असतात. एक भिगवणवाले. ते होडीतून रोहित पक्ष्यांच्या जवळ जातात, हातभर लेन्सने फोटो काढतात, मासळीवर ताव मारतात आणि संध्याकाळपर्यंत तीनशे लाइक मिळवतात. दुसरे हे माळवाले. यांच्या फोटोत नव्वद टक्के गवत आणि कोपऱ्यात एक ठिपका. ‘हा काय कचरा आलाय?’ असं विचारलं की काका दुखावतात. तो ठिपका म्हणजे भोवत्या असतो.

भोवत्या हा शिकारी पक्षी. ऑक्टोबरच्या सुमाराला कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून येतो आणि उन्हाळा तापायच्या आत परततो. पंख जरासे वर उचलून, गवताच्या शेंड्यांना पोट लागेल की काय इतक्या खालून तरंगत जातो आणि नाकतोडे, सरडे, चंडोल टिपतो. नर राखाडी, मादी तपकिरी, तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. आपल्या माळांवर माँटेग्यू आणि पॅलिड हे दोघे मुख्य. त्यांच्या माद्या इतक्या सारख्या, की दुरून गेलेली मादी यातली नेमकी कोणती, यावर काका स्वतःशीच दोन दिवस अबोला धरू शकतात. पॅलिड तर जगाच्या यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. काका ही बातमी घरातलं कुणी आयसीयूत असल्यासारखी सांगतात.

साइटवर उतरलं की एजंट आणि काका यांचा संवाद रंगतो.

“सर, इथे क्लबहाऊस येणार.”

“गवत कधी कापता?”

“गवत? सगळं साफ करून देतो सर! एक काडी दिसणार नाही.”

काका कळवळतात. “रात्री कुत्री फिरतात का इथे?”

“काळजीच सोडा. कंपाउंड, सीसीटीव्ही, चोवीस तास वॉचमन.”

काकांची काळजी वेगळीच असते. भोवत्या झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो. तोही एकटा नाही, थव्याने. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला तर शेकड्यांनी उतरतात. अशा मुक्कामी मोकाट कुत्री घुसली, वणवा लागला किंवा जेसीबी फिरला, की हजारो कोस उडून आलेल्या पाहुण्याला टेकायला जागा उरत नाही. आजूबाजूच्या शेतांत औषधं फवारून नाकतोडे संपले, तर जेवणही नाही. एजंटला यातलं काही कळत नाही. पण गिऱ्हाईक चोखंदळ आहे म्हणून तो एक गुलाबजाम जास्त वाढतो.

बिल्डरशी काकांचं एवढं तरी जमतं. खरं वैर आहे ते झाडं लावणाऱ्यांशी. पावसाळ्यात सोसायटीने जवळच्या माळावर वृक्षारोपण ठरवलं. टोप्या आल्या, बॅनर आला, वडापाव आले. काका खड्ड्यात उभे राहिले. “इथे झाड लावू नका,” म्हणाले. झाडाला विरोध करणारा पक्षिप्रेमी सेक्रेटरींनी जन्मात पाहिला नव्हता.

“अहो काका, ओसाड आहे ही जमीन!”

“ओसाड? हा पवन्या, हा मारवेल, ही कुसळी. यावर धनगरांची मेंढरं जगतात, चिंकारा जगतो, लांडगा जगतो. आणि तुम्ही त्यात उंदीरमारी लावणार! गणपतीपुढे एकवीस दूर्वांना मान, आणि एकवीस एकर गवताला काहीच नाही?”

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांना ‘पर्यावरणद्रोही’ ठरवण्यात आलं. काकूंनी त्याखाली हात जोडल्याची खूण टाकली. ती कुणाला उद्देशून होती ते अजून कळलेलं नाही.

तशी सरकारने माळासाठी थोडी जागा राखली आहे. चिंकारांसाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झालं, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. काका ते एका दमात पालथं घालतात. भोवत्याला मात्र दिवसभर हिंडायला मैलोन्‌मैल रान लागतं, आणि ते बहुतेक अभयारण्याबाहेरच असतं. हडपसरात काकांना आदर आहे तो फक्त ग्लायडिंग सेंटरचा. भर शहरात, विमानांच्या निमित्ताने का होईना, एवढं गवत टिकलंय, म्हणून ते त्या कुंपणाला जाताजाता नमस्कार करतात.

यंदा त्या एजंटने काकांना मुद्दाम घरी येऊन नवं ब्रोशर दिलं. “सर, तुमच्यामुळे सुचलं. प्रोजेक्टला पक्ष्याचंच नाव दिलंय. बर्ड व्ह्यू प्लॉटला चौरस फुटामागे शंभर रुपये जास्त.” मुखपृष्ठावर पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा दांडगा पक्षी होता. काकांनी चष्मा लावला, लाल पेनाने त्याच्याभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘हा गरुड अमेरिकेत असतो. तुमच्या प्लॉट क्रमांक बारा ते चाळीसवर भोवत्या झोपायचा. कृपया दुरुस्ती करावी.’

एजंटने ते मन लावून वाचलं.

“करू ना सर,” तो म्हणाला, “फेज टूला त्याचा फोटो टाकू.”