बापाने खणलं, मुलाने बुजवलं

"काकी, रविवारी मिस्सेनंतर हॉलवर दिसला नाहीत!"

"गुडघे गं बाय. काय होतं तिथे?"

"चित्रं काढायची होती. जमिनीवर हा एवढा कागद अंथरला, मधे खडूंचा ढीग, आणि म्हणाले, वसईतली तुमची आवडती जागा काढा. सगळ्यांनी एकाच कागदावर."

"या वयात खडू? आणि त्यात नवं ते काय? वारल्यांकडे बघ, लग्नात सुवासिनी मिळूनच भिंतीवर चौक लिहितात. हॉलवाल्यांनी आत्ता शोध लावला होय!"

"तेच मी म्हटलं. पण भांडणं बघायला यायचं होतंत! किल्ल्यावरूनच पेटलं. एकाने चिमाजी अप्पांचा पुतळा काढला, १७३९ची लढाई सांगत बसला. शेजारच्या मावशींनी तिथेच सेंट जोसेफ चर्चचा मनोरा उभा केला. पाचूबंदरच्या कोळणीने दोघांना सरकवून किल्ल्याएवढी होडी काढली. म्हणे, किल्ला आमच्या मागे आहे, आम्ही किल्ल्याच्या मागे नाही."

"बरोबर बोलली. आणि पोरंटोरं?"

"पोरींनी सुरुची बागेतले सुरू काढले. कोणाबरोबर जातात ते नाही काढलं! निर्मळच्या एकाने जत्रा काढली, तळं एवढंसं आणि सुकेळीचं दुकान केवढं. नालासोपाऱ्याच्या एका मुलाने तर विरार फास्ट लोकलचा दरवाजा काढला. म्हणाला, माझे मित्र तिथेच भेटतात."

"अगं बाई! दरवाजा आवडती जागा?"

"माझा भाचा आर्किटेक्चरला आहे ना, तो म्हणाला हसू नका. अमेरिकेत केविन लिंच म्हणून एक होता. त्याने बॉस्टन, जर्सी सिटी, लॉस एंजेलिसच्या लोकांना आपापलं शहर आठवून काढायला लावलं. १९६० साली त्याचं पुस्तक आलं. जर्सी सिटीवाल्यांच्या कागदावर म्हणे मोकळी भोकंच फार. आणि ठळक आठवलं काय, तर नदीपलीकडे दिसणारं न्यूयॉर्क!"

"म्हणजे आपले विरारवालेच की. राहायचं इथे, डोळे चर्चगेटकडे."

"आणि खरी गंमत पुढेच. आपली ती पलीकडच्या वाडीतली म्हातारी आली होती, मुलगा हात धरून घेऊन आला. तिने निळा खडू उचलला आणि वाडीतलं जुनं तळं, त्यांचं बावखल काढलं. कागदाचा पाव भाग निळा करून टाकला! काठावर रहाट, केळी, पानवेलीचा मांडव, म्हशी, मासे धरणारी पोरं, सगळं."

"कुठलं बावखल? ते तर बुजवलं!"

"तेच तर! भराव कोणी टाकला? त्याच मुलाने, गाळे काढायला. बापाने खणलेलं, याने बुजवलं, आणि आई सगळ्यांसमोर रंगवत बसली. तो मागे उभा. लाल झाला हो. आमची विहीर मचूळ का झाली ते तेव्हा सगळ्यांना आठवलं. पावसाचं पाणी त्यातच साठायचं, जमिनीत मुरायचं, खारं पाणी दूर ठेवायचं. मग आणखी चौघांनी आपापली बुजलेली बावखलं काढली. दोघा भावांनी तर एकच काढलं, प्रत्येकाने आपापल्या हद्दीत!"

"अजून बोलत नाहीत ना ते?"

"कागदावर बोलले. 'फणस या बाजूला होता' एवढंच."

"महापालिकेचं ऑफिस कोणी काढलं की नाही?"

"२००९ पासून आहे महापालिका, पण छे, कोणीच नाही! नकाशे तिथे ढीगभर असतील, पण त्यांत वाडी म्हणजे नुसता सर्व्हे नंबर. सावली कुणाची, पोहायला कुठे शिकलो, ते कुठलं लिहिणार? दिब्रिटो फादर हरित वसईसाठी एवढे झगडले. तेव्हा प्रत्येक आळीत असा एक कागद भरून ठेवला असता, तर कोण म्हणालं असतं इथे काही नव्हतंच?"

"मला चित्र कुठे येतं गं?"

"कोणाला येतं! मावशींचा मनोरा बाटलीसारखा दिसत होता. येत्या रविवारी पुन्हा आहे, कागद अजून अर्धा कोरा आहे. मी रिक्षा सांगते, तुम्ही फक्त या. तुमच्या माहेरच्या आळीतली बावखलं कुठे कुठे होती, ते सांगणारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही."