१०.४० ते १०.५५ : निवांत बसणे

भाच्याने तंजावरच्या सहलीची एक्सेल शीट पाठवली तेव्हा ती चुकून त्याच्या कंपनीचीच आली असं समजून मी परत पाठवणार होतो. सात रंग होते. हिरवा प्रवासाचा, पिवळा औषधांचा, निळा स्वच्छतागृहांचा. आणि मधोमध फिकट गुलाबी रंगात एक ओळ : 'स. १०.४० ते १०.५५ – निवांत बसणे (आई, बाबा, मामा).' कंसात स्वतःला पाहून मला भरून आलं.

हा मुलगा आता घरोघरी आढळतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी पुण्यात नाहीतर बंगळूरला, रजा मोजकी, आणि पोटात सतत एक टोचणी, की आईबाबांसाठी आपलं काही करायचं राहून गेलं. पूर्वी असा मुलगा आईवडिलांना काशीला नेऊन आणायचा, मावंदं घालायचा आणि मोकळा व्हायचा. आताचा मोकळा होत नाही. तो दर वीस मिनिटांनी विचारतो, "आई, मजा येतेय ना?"

गेल्या वर्षी त्याने ताईला आणि दाजींना नातवंडांबरोबर एका थीम पार्कात नेलं होतं. दोघांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले, म्हणजे कुठल्याही पाळण्यात कितीही वेळा बसायची मुभा. दाजी दिवसभर एका बाकावर सगळ्यांच्या पिशव्या आणि बूट राखत बसले. "कशाकशात बसलात?" असं मी विचारलं तर म्हणाले, "आधी उन्हातल्या बाकावर, मग सावलीतल्या." ताईचा पट्टा सुटेना. घरी येऊन कात्रीने कापला आणि फेकला नाही. पैसे भरलेत त्याचे, म्हणाली. तो पट्टा अजून तिच्या देवघरातल्या डबीत आहे.

हे भाच्याच्या मनाला फार लागलं. म्हणून या खेपेला पाळणे नाहीत, आरडाओरडा नाही. शिवाय तंजावर म्हणजे आपल्याच माणसांचं गाव. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे नांदली. "आईबाबांना परकं वाटणार नाही," असं त्या शीटमध्ये 'उद्देश' या रकान्यात लिहिलं होतं.

सामान मात्र मोहिमेचं होतं. रक्तदाबाचं यंत्र, बोटाला लावायचा चिमटा, गुडघ्याचे पट्टे, घडीचं स्टूल, तीन प्रकारची बिस्किटं आणि एक घडीची चाकाची खुर्ची. ही खुर्ची कुणासाठी, यावर तिरुचिरापल्लीच्या विमानतळावरच वाद झाला. दाजी म्हणाले, मी बसणार नाही. ताई म्हणाली, मी मेल्यावरही बसणार नाही. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझं वय एकसष्ट. ज्येष्ठांत धरलं तर कनिष्ठ आणि कनिष्ठांत धरलं तर निरुपयोगी. शेवटी त्या खुर्चीत पाण्याच्या बाटल्या बसल्या आणि भाचा दिवसभर त्यांना फिरवत होता. चपला काढायच्या ठिकाणी ती एकदाची सोडली तेव्हा त्याच्या पाठीतून कट्‌ असा आवाज आला. पाठीसाठी शीटमध्ये रंग नव्हता.

बृहदीश्वराचं देऊळ कसं दिसतं हे सांगण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. राजराज चोळाने ते १०१० साली पुरं केलं, विमान म्हणजे शिखर २०० फुटांहून उंच आहे, आणि समोरचा नंदी अखंड दगडाचा आहे. हे सगळं भाचा फोनवर बघून सांगत होता. आम्ही मान वर करून शिखर बघायचो, तो मान खाली घालून त्याची उंची बघायचा. फेब्रुवारी असूनही फरशी तापायला लागली होती. अनवाणी ताई अंथरलेल्या पट्टीवरून चालत होती आणि भाचा तिच्याबरोबर बाजूच्या तापल्या दगडावरून, एकेक पाय उचलत.

बरोबर १०.४० ला त्याने आम्हाला शिखराच्या पश्चिमेला गार सावलीत बसवलं. निवांतपणा सुरू झाला. दाजींनी डोळे मिटले.

"बाबा, या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही म्हणतात."

दाजींनी एक डोळा उघडला. "मग आपण कशात बसलोय?"

भाच्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, फोन पाहिला. मग तो काही वेळ बोलला नाही. माझ्या मते त्या दिवसातला खरा निवांत वेळ तेवढाच, चार-एक मिनिटं.

१०.५५ ला उठलो आणि इथून घोटाळा झाला. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीपाशी दाजी थांबले ते थांबलेच. दगडावर देवनागरी होती. मराठी! सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास, भिंतभर, एकसलग. दाजी सातारच्या भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं होते. दुसऱ्याची जुनी नोंद दिसली की तो माणूस जेवण विसरतो. चष्मा पुसून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, दगडाला न लावता, आणि वाचायला लागले. शीटमध्ये इथे सहा मिनिटं होती. पाऊण तासाने भाचा म्हणाला, "बाबा, फोटो काढून घेतो, हॉटेलवर झूम करून वाचा." दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू फेरफाराला हरकत आली आहे.

दुपारी जेवताना सांबाराची गोष्ट झाली. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमसुलं संपली होती म्हणून आमटीत चिंच पडली आणि त्या पदार्थाला त्यांचं नाव मिळालं. दंतकथाच, पण मराठी माणसाला तिच्याबरोबर दोन इडल्या जास्त जातात. ताईने वाटी तोंडाला लावली, थांबली, म्हणाली, "आमटीच आहे की. कढीपत्ता जास्त पडलाय." पुढे डवऱ्यात कॉफी आली. ती तिने तीनदा वरखाली ओतून गार केली आणि पहिल्यांदा स्वतःहून हसली. भाच्याने लगेच विचारलं, "मजा येतेय ना?" तिने मान डोलावली.

बाहेरच एका दुकानात तंजावरच्या बाहुल्या होत्या. नर्तकीची मान वेगळी, कंबर वेगळी, जरा धक्का लागला की सगळी डोलायला लागते. ताई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "ही माझ्यावरून केलीय."

मग १.३० ते ३.३० 'सक्तीची विश्रांती'. भाचा दर पंधरा मिनिटांनी दार ढकलून, आम्ही झोपलो का ते बघत होता, त्यामुळे कुणालाच झोप लागली नाही. मी पडल्या पडल्या सरफोजीराजांचा विचार करत होतो. तेही १८२० च्या सुमाराला काशीयात्रेला गेले होते, हजारोंचा लवाजमा घेऊन. त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं, कारकून होते. पण ओरत्तनाडूला त्यांनी १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्र बांधलं ते मला जास्त आवडतं. वाटसरूने यावं, जेवावं, आडवं व्हावं. आणि माझी खात्री आहे, मजा येतेय का, असं त्याला तिथे कुणी विचारत नसणार.

चार वाजता राजवाडा आणि सरस्वती महाल होता. दाजी म्हणाले, "भिंत अर्धी राहिलीय."

"पण बाबा, तिथे हस्तलिखितं आहेत, मोडी कागद—"

"ती उद्या. आज भिंत."

घरातला हा बहुधा एकोणीसशे नव्वदनंतरचा पहिला उठाव. भाच्याने गुलाबी, हिरवे, निळे रकाने एकापाठोपाठ एक पुसले. पुसताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

संध्याकाळी देवळाचं आवार वेगळंच असतं. दगड निवतात, गावातली माणसं पोराबाळांना घेऊन येतात आणि नुसती बसतात. दाजी भिंतीशी. त्यांच्याशेजारी तिथलेच एक आजोबा येऊन उभे राहिले, दीडशे-दोनशे वर्षं जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं मराठी बोलणारे. दोघांना एकमेकांचं निम्मं कळत होतं आणि सगळं पटत होतं. ताई ओवरीच्या पायरीवर, शेजारच्या बाईच्या गजऱ्याचं कौतुक खुणांनी करत. बाईने अर्धा तोडून दिला.

भाचा ताईजवळ बसला. पाठ दुखतेय म्हणून जरा टेकला, मग कलंडला. ताईने त्याचं डोकं उचलून खाली आपली पिशवी सारली. दोन मिनिटांत तो घोरायला लागला. पहाटे साडेचारपासून उठला होता आमच्या आरामासाठी.

सव्वासहाला त्याच्या खिशात गजर झाला. ताईने फोन काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर अक्षरं होती : 'आई-बाबा, बसून घ्या.'

"बंद कसा करतात रे हा?" ती कुजबुजली. "उठेल ना तो."