स्टँडचे वेगळे पडतील

माउंटन बाइक घ्यायला दुकानात शिरल्याशिरल्या किंमत विचारू नये. विचारलीत तर काउंटरवरचा पोरगा उलट विचारतो, ‘सर, रायडिंग कुठे करता?’ आणि ‘कोथरूड ते हिंजवडी’ हे उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडतो. त्यापेक्षा ‘ट्रेल’ एवढाच शब्द उच्चारावा आणि भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत राहावे. पुढचे सगळे तोच बोलतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. मी सायकलला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, ‘स्टँड कुठाय हिला?’

हेल्मेट घालून बघणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनी ती हळूच काढून ठेवली. पोरगा मात्र सभ्य होता. म्हणाला, ‘स्टँड येत नाही सर. स्टँडचे वेगळे पडतील.’

इच्छुकांनी हे वाक्य पाठ करावे. कमी तितके महाग, हा या खरेदीचा पायाभूत सिद्धांत आहे आणि तो एकदा समजला की कुठल्याही सायकलची किंमत चिठ्ठी न बघता सांगता येते. दहा-बारा हजारांच्या सायकलला मडगार्ड, स्टँड, घंटी, सगळे लागून येते. जरा वर चढा, मडगार्ड गेले. आणखी वर, स्टँड आणि घंटी गेली. लाखाच्या पुष्कळ पुढे गेलात की पॅडलसुद्धा जातात. थट्टा नाही, बऱ्याच भारी सायकली पॅडलशिवायच विकायला येतात, कारण एवढे पैसे मोजणाऱ्याची पॅडलबाबत स्वतःची काही ठाम मते असणार असे धरून चालतात. गिअरचेही तसेच. साध्या सायकलला पुढे तीन चकत्या, मागे सात, एकूण २१ गिअर. मी शाळेत ‘एकवीस गिअरवाली’ म्हणून जिच्याकडे आ वासून बघायचो ती हीच. आता भारी सायकलला पुढे एकच चकती असते आणि मागे १२, आणि हे नऊ गिअर कमी झाल्याबद्दल कित्येक पट जास्त मोजावे लागतात. मागच्या १२ मधली सर्वांत मोठी चकती ५१ दात्यांची असते, घरच्या फुलक्याएवढी. ती बघितली की पैसे कुठे गेले याचा थोडा उलगडा होतो.

चाकातली ट्यूबही काढून घेतात. तिच्या जागी दुधासारखे पांढरे सीलंट ओततात. काटा घुसला की ते भोकाशी जाऊन गोठते आणि पंक्चर आपोआप बुजते, हे खरे आहे. पण काही महिन्यांत ते आतल्या आत वाळते आणि पुन्हा ओतावे लागते. म्हणजे ट्यूब गेली आणि रतीब लागला.

सिद्धांताचे टोक मात्र कपड्यांत आहे. सायकलस्वाराच्या घट्ट चड्डीला आतून जाड गादी शिवलेली असते आणि ती चड्डी आत दुसरे काहीही न घालता घालायची असते. काहीही म्हणजे काहीही. शिवण घासून कातडी सोलवटू नये म्हणून हा नियम आहे आणि त्यात तथ्य आहे, मी दोन्ही प्रकारे पन्नास-पन्नास किलोमीटर बसून बघितले आहे. पण विकणाऱ्या मुलाने हे भर दुकानात, शेजारी एक आजोबा नातवाची सायकल घेत असताना, खणखणीत आवाजात समजावून सांगितले. त्यानंतर ही चड्डी घालून पहाटे लिफ्टमध्ये शिरावे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घ्यायला त्याच वेळी निघाव्यात. त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत मजल्यांचे आकडे बघत उभ्या होत्या. लिफ्टमध्ये हेल्मेट डोक्यावर न ठेवता पुढे धरावे.

हेल्मेटवरून आठवले, त्याबाबत ही पुस्तिका गंभीर आहे. आतला थर्माकोल एका आपटण्यासाठीच असतो. दादाने पडून बघितलेले हेल्मेट धाकट्याला देऊ नये आणि घासाघीस करायची तर दुसऱ्या कशावर करावी.

आता मापाचे. फ्रेम आपल्या उंचीची हवी, त्यासाठी जांघेपासून टाचेपर्यंतचे अंतर लागते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, दोन पायांमध्ये एक पुस्तक जांघेला टेकेल इतके वर ओढायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. सेंटिमीटरमध्ये जे येईल त्याला ०.२२६ ने गुणले की फ्रेम इंचांत मिळते. ८० आले तर १८ इंची. पुस्तक पुठ्ठ्याचे लागते, पंचांग मऊ पडते, आणि ज्ञानेश्वरी घेतलीत तर घरातले बघतात. मी मुलाचा इंग्रजी शब्दकोश वापरला. टेप धरायला बायको होती. ती खाली बसून आकडा वाचता वाचता म्हणाली, ‘लग्नाच्या सूटलाही एवढं माप दिलं नव्हतंस.’

या सिद्धांताचा उगम शोधू गेल्यास तो कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या मरिन काउंटीत निघतो, आणि तिथे तो बरोबर उलटा होता. १९७० च्या दशकात तिथल्या काही पोरांनी दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जाड टायरच्या जुन्या सायकली कवडीमोलाने गोळा केल्या, मडगार्डासकट नको ते सगळे उचकटून फेकून दिले आणि डोंगरावरून खाली सुटले. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी ज्या उताराची पहिली शर्यत लावली त्याचे नाव ‘रिपॅक’. मागच्या चाकात पॅडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे, तो उतरताना इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन जाई आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावे लागे, म्हणून रिपॅक. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली, फ्रेम टॉम रिचीच्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर कारखान्यातून घाऊक बाहेर पडली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन बसला. मडगार्ड त्या पोरांनी फुकट काढले होते. आपल्याला ते काढलेले विकत मिळते, एवढाच फरक.

सायकल घरी आली की वडिलांना खाली बोलवावे. माझे आले. त्यांनी पुढचा सस्पेन्शन फोर्क दुकानात गादी दाबून बघावी तसा दोनदा दाबला. ‘उशी बरी आहे,’ म्हणाले. मी सांगितले, १०० मिलिमीटर दबते. शिवाय डांबरी रस्त्यावर दबू नये म्हणून वर एक खटका आहे, लॉकआउट. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे हलायचे पैसे दिलेस, आणि न हलायचे वेगळे.’ मग मागे जाऊन वाकून बघितले आणि विचारले, ‘दळण कुठे ठेवायचं?’

मी हसलो. इच्छुकांनी या ठिकाणी हसू नये.

कारण इथून परतीचा प्रवास सुरू होतो. पहिल्या पावसात शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची उभी रेघ उमटली आणि मी जाऊन फेंडर घेतले. फेंडर म्हणजे मडगार्डच, पण फडफडते. संध्याकाळी उशीर व्हायला लागला तेव्हा यूएसबीवर चार्ज होणारा दिवा घेतला. वडिलांच्या सायकलच्या डायनामोला चार्जिंग लागत नसे, पाय लागत. घंटी मात्र एक आठवडा लांबणीवर पडली, कारण चेनवर तेलाचा फवारा मारताना तो मागच्या ब्रेकच्या डिस्कवर उडाला. डिस्कला तेल लागले की ब्रेक धरत नाही, नुसता किंचाळतो. कर्वे रस्त्यावर लोक आपणहून बाजूला होत होते. पुढे ब्रेकचे पॅड बदलले, आवाज गेला, घंटी घ्यावी लागली.

सर्वांत अगत्याची वस्तू मात्र सर्वांत स्वस्त आहे आणि तिची माहिती कोणी देत नाही. सिंहगडाच्या वाटेवर, खडकवासल्याच्या पुढे, माझे मागचे चाक बसले. ढकलत ढकलत डोणज्याच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याकडे पोचलो. त्याने व्हॉल्व्हची टोपी काढली, बारीक डोळे करून बघितले आणि म्हणाला, ‘ह्याला तोंडच नाही.’

‘प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे,’ मी म्हणालो. ‘वरची घुंडी सैल करायची.’

‘आमचा पाइप बसत नाही ह्याला.’

तोंड असे चिंचोळे, की गाडीला हवा मारायचा पाइप त्यावर बसतच नाही. मध्ये बोटाच्या पेराएवढे पितळी ॲडॅप्टर लागते. त्याने बोरीच्या काट्याचे भोक शोधून पॅच मारला होता, ट्यूब टायरात बसवली होती, काम चोख होते, फक्त हवा नव्हती. अर्ध्या तासाने खाली उतरणाऱ्या एका सायकलवाल्याला हात केला. त्याच्या पाकिटात सुट्या पैशांसोबत ते पितळ होते.

‘किती मारू?’ पंक्चरवाल्याने विचारले.

‘तीस.’

‘ॲक्टिव्हाला मारतो तेवढीच की!’ त्याने सायकलकडे पुन्हा एकदा नीट बघितले. ‘मला वाटलं, हिचं काहीतरी वेगळं असेल.’

शेवटचा टप्पा कॅरियरचा. कोणतेही कॅरियर आणून बसवू नका, मागच्या डिस्कब्रेकचा कॅलिपर त्याच्या दांडीच्या आड येतो. डिस्कला चालणारे, दांडी बाहेरून वळसा घालून जाणारे मागून घ्यावे लागते आणि त्याचेही अर्थात वेगळे पडतात. स्टँड घेताना भरभक्कम घ्या, नाजूक स्टँड पाच किलो गव्हाला कलंडतो. डबा आडवा ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने दोनदा आवळावा, झाकणाखाली वर्तमानपत्र घालावे. आणि दळणाच्या दिवशी मागच्या चाकात पाच पीएसआय जास्त.