फोकसचा मान

पतसंस्थेत एकोणीस वर्षं मी लोकांचे फोटो चिकटवले. एक अर्जावर, एक सहीच्या कार्डावर. डिंक संस्थेचा, चेहरे खातेदारांचे. एवढ्या वर्षांत स्वतःच्या फोटोवर खूश असलेला एकही खातेदार मला भेटला नाही. ‘मी असा दिसतो होय हो मॅडम?’ असं विचारायचे, आणि मी फोटोकडे नि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघून ‘छे हो’ म्हणायची. बहुतेक जण तसेच दिसायचे. तरी मनात यायचं, ह्या बापड्यांना कुणी नीट बसवलं असतं, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितली असती, तर काय बिघडलं असतं? चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून मी सेकंडहँड कॅमेरा घेतला, त्याचं कारण एवढंच. ह्यांनी फक्त किंमत विचारली आणि दोन दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

शिकायला मी सांगलीतल्या एका जुन्या स्टुडिओत जाऊ लागले. मालकांना सगळेच अण्णा म्हणतात. रोलच्या जमान्यापासून ते लग्नाच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, ‘शिका की ताई. पण पहिले तीन महिने बॅग धरायची. आणि पैंजण नको, व्हिडिओत आवाज येतो.’

आकड्यांना मी भीत नाही; पण अ‍ॅपर्चरचे आकडे बघून मलाही घाम फुटला. 1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. ना धड पाढा, ना धड चक्रवाढ. रात्री वही घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक आकडा आधीच्याला दोनाच्या वर्गमुळानं, म्हणजे साधारण 1.414नं, गुणून येतो. दर पायरीला भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि आत येणारा उजेडही निम्मा. आकडा मोठा तेवढं भोक लहान. आनंदाच्या भरात मी ह्यांना उठवून सांगितलं, तर अर्धवट झोपेत म्हणाले, ‘तुमच्या कर्जासारखंच की. हप्ते जास्त, तर हप्ता लहान.’ एकोणीस वर्षं कर्जं वाटून हे मला सुचलं नव्हतं.

उजेडाचं मीटर हे त्याहून विचित्र प्रकरण. अण्णा म्हणतात, ‘कॅमेऱ्याला अक्कल नसते, सवय असते.’ सवय अशी, की समोर काहीही असो, ते सरासरीनं मध्यम करडंच असणार असं तो धरून चालतो. त्या करड्याला अठरा टक्के म्हणतात, कारण अंगावर पडलेल्या उजेडापैकी तेवढाच तो परत पाठवतो. पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो दाबतो. काळं दिसलं की वाटतं अंधार आहे, तो उजळतो. म्हणजे पांढऱ्याला अधिक द्यायचं आणि काळ्याला उणे. डोक्याला हे पटतं, बोटाला पटत नाही.

बोटाला पटावं म्हणून मी माहेरी तासगावाकडं गेले आणि भावाच्या गोठ्यातली म्हैस टिपली. म्हैस काळीभोर, नुकतीच धुतलेली, पाठीवरून पाणी ओघळतंय, डोळ्यांत खिडकीचा छोटासा चौकोन चमकतोय. फोटो बघितला तर हत्तीचं पिल्लू! करडं, धुरकट, पाठीमागची भिंत पार जळून पांढरी झालेली. वहिनी म्हणाली, ‘वन्सं, आजारी दिसतीय ओ.’ उणे एक केलं, दीड केलं. म्हैस हळूहळू म्हैस व्हायला लागली. मग बाबांना धोतर-सदऱ्यात दारासमोर बसवून अधिक एक, दीड. मधल्या काळात बाबांचं धोतर राखेत लोळल्यासारखं निघालं होतं, ते आईनं बघितलं आणि धुणं धुणाऱ्या बाईला बोल लागले. तांत्रिक चुकीची शिक्षा भलत्यालाच होते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लग्नात साडी नेसून काम कसं करायचं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पदर सावरायचा की लेन्स? मग होमाई व्यारावाला यांचे जुने फोटो बघितले. 1913 साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. बाई साडी नेसून तो स्पीड ग्राफिक नावाचा ट्रंकेएवढा कॅमेरा उचलून पंतप्रधानांपुढं उभ्या राहायच्या. मी पदर खोचला.

चौथ्या महिन्यात अण्णांनी पहिल्यांदा माझ्या हाती लग्न दिलं. म्हणजे स्टेजवरचे ‘ट्रॅडिशनल’ फोटो त्यांचे आणि इकडचे तिकडचे ‘कँडिड’ माझे. मी 85 ची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर 1.8 वर उघडून ठेवलं. पाठीमागचं सगळं कसं लोण्यासारखं वितळतं! वितळू नये तेही वितळतं, हे कळायला हळद उजाडावी लागली. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ह्या लेन्सनं दोन मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरांचा असतो. नवरी पुढं झुकलेली, नवरदेव अर्धी वीत मागं. नवरीच्या पापण्या मोजून घ्याव्यात आणि नवरदेव मात्र धुक्यात हरवलेला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते बघून व्याही म्हणाले, ‘मुलगा काय आम्ही उसना आणलाय?’

मग लक्षात आलं, की फोटोग्राफीत जे जे चुकतं ते लग्नात मानपान म्हणून मोजलं जातं. माझ्या लेखी डेप्थ ऑफ फील्ड, त्यांच्या लेखी मुलाकडची मंडळी दुर्लक्षित. फ्लॅश थेट तोंडावर न मारता छतावर मारावा, उजेड मऊ पडतो, म्हणून मी छतावर मारला. कार्यालयाचं छत पिस्ता रंगाचं. दोन्हीकडच्या विहिणी हिरव्या निघाल्या. अण्णा एवढंच म्हणाले, ‘दोघी निघाल्या ते बरं. एकच निघाली असती तर?’

ग्रुप फोटोत तर कॅमेऱ्यापेक्षा गळा लागतो. ‘सरका, सरका, आत या, आत्या, तुम्ही उजवीकडं, ओ पाहुणं, हात खाली!’ हे अण्णा ज्या पट्टीत म्हणतात, ती पट्टी पतसंस्थेत मी थकबाकीदारालाही कधी लावली नव्हती. शिवाय आपल्याला वगळलंय असं वाटणारा एक जण प्रत्येक लग्नात असतोच. तो परत परत स्टेजवर येतो. त्याच्यावर अण्णांचा जुना इलाज आहे: रिकामा फ्लॅश. रोलमध्ये छत्तीसच फोटो यायचे तेव्हाची ही युक्ती. कॅमेरा डोळ्याला लावायचा, ‘रेडी’ म्हणायचं आणि शटरला हात न लावता फ्लॅशच्या पाठीवरचं टेस्टचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, फोटो पडत नाही, पाहुणा समाधानानं जेवायला जातो.

‘अण्णा, ही फसवणूक आहे,’ मी म्हणाले. लेजर लिहिलेला हात आहे माझा. जमा नसताना पावती फाडायची कशी?

‘त्यांना फोटो कुठं पाहिजे ताई? फोटो काढला, हे पाहिजे.’

फ्रान्सचे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं 1952 सालचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे. फ्रेंच नावाचा अर्थ चोरून, घाईनं टिपलेली चित्रं असा काहीसा. जगभर गाजलं मात्र ते ‘द डिसिसिव्ह मोमेंट’ ह्या इंग्रजी नावानं. निर्णायक क्षण. तो न सांगता येतो आणि न सांगता जातो, त्यासाठी पॅरिसच्या रस्त्यावर दबा धरून बसावं लागतं. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं निर्णायक क्षणाची वेळ पत्रिकेवर छापलेली असते. भटजी माइकवरून पुनःपुन्हा ‘सावधान’ म्हणून बजावतात. बँडवाले काठ्या उगारून तयार असतात. एवढ्या सूचना ब्रेसाँना मिळाल्या असत्या तर त्यांनी डबा खाऊन घेतला असता.

एवढं सगळं होऊनही तो क्षण माझ्याकडून हुकला. अण्णा नेमके समोरून, मी बाजूनं. अंतरपाट दूर झाला, बँड वाजला, मी शटर दाबलं, आणि नवरीच्या मामांनी उत्साहानं डोकं मध्ये घातलं. माझा ऑटोफोकस सर्वांत जवळचं गिऱ्हाईक धरतो. त्यानं मामांचा फेटा धरला. घरी येऊन फोटो मोठा करून बघितला: केशरी फेट्याची एक घडी, घडीत अडकलेला तांदळाचा एक दाणा. दाण्याच्या कडेला हळद कुठं लागली आणि कुठं नाही हेसुद्धा दिसत होतं. त्यापलीकडं दोन रंगीत ढग एकमेकांना हार घालत होते.

हा फोटो मी काढून टाकायला हवा होता. पण इतकं शार्प मी आयुष्यात काही टिपलं नव्हतं. ठेवला.

पंधरा दिवसांनी अल्बमच्या सिलेक्शनला दोन्हीकडची मंडळी स्टुडिओत आली. अण्णा एकेक फोटो पुढं सरकवत होते. ढगांचा फोटो आला, तसा अण्णांनी घाईनं पुढचा दाबला. पण नवरदेवाचे काका म्हणाले, ‘थांबा. मागं घ्या. मोठा करा.’ काकांचं आयुष्य बाजार समितीत धान्याचे नमुने तळहातावर घेण्यात गेलेलं. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याला नाक लावून उभे राहिले.

‘कोलम,’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘आणि कणी आहे.’

कुणाला काही कळेना.

‘टोक बघा. तुटलंय. अक्षता म्हणजे काय? न मोडलेला तांदूळ. लग्नात आमच्या पोराच्या डोक्यावर कणी टाकली?’

‘अक्षता तुमच्याकडनं आलेल्या,’ नवरीची आई म्हणाली.

‘आमच्या कुंकवातल्या. ही हळदीची दिसतीय.’

‘फेटा आमच्या दादाचा आहे, तांदूळ कुणाचा का असेना!’

‘तेच म्हणतोय मी, मामांचा चेहरा कुठाय? नुसता फेटा?’ ही मामी. त्या आतापर्यंत गप्प होत्या.

आवाज चढले. चहावाला पोरगा कप तसेच घेऊन दारात उभा राहिला. अण्णा माझ्याकडं बघायला लागले. फोटो माझा होता. मी कपाटातला कॅमेरा काढला, फ्लॅश चढवला, पदर खोचला आणि कुठून आला कोण जाणे, अण्णांच्या पट्टीतला आवाज काढला: ‘सगळ्यांनी जरा इकडं बघा! काका, आत सरका. मामी, तुम्ही पुढं. हनुवटी खाली. रेडी!’

काकांनी चष्मा नाकावर घेतला. मामींनी पदर सारखा केला. नवरीच्या आईनं व्याह्यांना मधे जागा दिली. मी फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबलं.

‘अजून एक घ्या हो,’ काका म्हणाले. ‘माझे डोळे मिटले.’

मी अजून एक घेतला.